गावकरीचा बांध

गोव्यातील तिसवाडी, बारदेस व साष्टी या जुन्या काबिजादीच्या प्रदेशात गावची जमीन पूर्वापार कोणा एकाच्या मालकीची नसून गावकरीची, म्हणजे गाव वसविणाऱ्या कुळांच्या संघाची असे. पोर्तुगीज अंमलात या संस्थेस कोमुनिदाद हे नाव मिळाले. परंतु संस्था त्या अंमलाहून पुष्कळ जुनी आहे. अफोंसु मेशिया याने 1526 साली तिसवाडीतील गावांचे रीतिरिवाज लेखी नोंदविले, तेव्हा ते नव्याने घालून दिलेले नियम नव्हते; चालत आलेली वहिवाट त्याने कागदावर आणली इतकेच. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1947 साली या ग्रामसंस्थेवर स्वतंत्र निबंध लिहिला, त्यावरून तिचे अभ्यासाच्या दृष्टीने असलेले महत्त्व ध्यानी येते.

एवढी कुळे एका व्यवस्थेत बांधून राहिली, याचे मोठे कारण खाजन शेतीत सापडते. मांडवी व झुवारी यांच्या खाड्यांलगत भरतीच्या पातळीखाली असलेल्या, बांध घालून सोडविलेल्या जमिनीस खाजन म्हणतात. गोव्यात अशी जमीन सुमारे 18,000 हेक्टर आहे. मूळची ही खारफुटीची दलदल. चिखल, पेंढा व जांभा दगड यांनी बाहेरचा बांध उभारावयाचा, त्याबाहेर लाटा अडविण्यासाठी खारफुटी राखावयाची आणि बांधात योग्य जागी 'मानस' बसवावयाची, अशी ही रचना. मानस म्हणजे लाकडी झडपांचे दार. ओहोटीच्या वेळी आतील पाण्याच्या दाबाने झडप उघडते व पाणी खाडीत जाते. भरती चढू लागली की बाहेरच्या दाबाने ती आपोआप मिटते. माणसाने रात्रंदिवस पहारा करण्याचे कारण उरत नाही. शेतातील पाणी मानशीपर्यंत आणणाऱ्या आतील ओहोळास पोंय म्हणतात. पावसाच्या पाण्याने मीठ धुपले की कोरगूट, आसगो यांसारखी खारे पाणी सोसणारी भाताची वाणे पेरली जातात.

बांध एके ठिकाणी फुटला तर एकाचे शेत बुडून भागत नाही. खारे पाणी सबंध खाजनात पसरते आणि जमीन पुन्हा पिकाजोगी होण्यास काही पावसाळे जावे लागतात. म्हणून बांधाचा खर्च हा सर्वांचा खर्च होता.

गावकरी आपली शेते ठराविक मुदतीसाठी पावणीने, म्हणजे लिलावाने, लागवडीस देई. मानशीपाशी मासे धरण्याचा हक्कही असाच पावणीस निघे. कुळकर्णी हिशेब लिही. आलेल्या उत्पन्नातून सरकारचा सारा, बांधांची दुरुस्ती, देवस्थान व गावच्या सेवकांचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम गावकारांत 'जोण' म्हणून वाटली जाई. वर्ष तुटीचे गेल्यास तूटही गावकारांनीच भरावयाची असे. नफ्याबरोबर तोट्याचाही वाटा उचलावा लागे, हा नियम आजच्या सहकारी संस्थांच्या सभासदांना थोडा कडक वाटेल.

या व्यवस्थेचे सरसकट गुणगान मात्र योग्य होणार नाही. जोण सामान्यतः वांगडांतील पुरुषांनाच मिळे. चिखलात उतरून प्रत्यक्ष लावणी करणारी बाई, भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणारा मुंडकार आणि पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याचे शेत कसणारे कूळ यांस गावकरीच्या सभेत जागा नव्हती. पुढे वाटे विकत घेणारे खुंटकार आले, आणि गावात न राहणाऱ्याच्या हातीही वाटे जाऊ लागले.

गोवा मुक्तीनंतर 1964 साली कूळवहिवाट कायदा झाला व 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरले. न्याय्य असाच हा बदल होता. बांधाची जबाबदारी कायद्याने कूळसंघांकडे आली. परंतु गावकरीची जमीन, पावणीचे उत्पन्न व हिशेबाची सवय या तिन्ही गोष्टी तिच्याबरोबर आल्या नाहीत. मानशीवरील माशांची पावणी भाताहून अधिक पैसा देऊ लागली, तेव्हा काही ठिकाणी मानस उशिरापर्यंत उघडी ठेवण्याचा मोह झाला. आत खारे पाणी शिरले तर मासळी वाढते आणि भात जाते. ज्याचे शेत मानशीजवळ आहे त्याचे नुकसान आधी होते, आणि संघाच्या सभेत तो एकटा पडतो.

राज्यात आजही 223 कोमुनिदादी आहेत व त्यांचा कारभार 1961 च्या संहितेनुसार चालतो. खाजन बांधांच्या दुरुस्तीस मृद्‌संधारण विभागाकडून साहाय्य मिळते. मात्र बांधाला खेकड्याने पाडलेले भोक अमावास्येच्या उधाणाआधी दिसले पाहिजे. पूर्वी बांधावरून रोज ये-जा करणाऱ्या लागवडदाराला ते दिसत असे आणि मूठभर चिखलाने ते बुजत असे.