चाळिशीनंतरचा डाऊन सिंड्रोम : मेंदूचा रक्तपुरवठा आणि स्मृतिभ्रंश

डाऊन सिंड्रोम म्हटले की बहुतेक मराठी वाचकांच्या डोळ्यांसमोर लहान मूल येते, किंवा फार तर २०१४ सालच्या ‘यलो’ या चित्रपटात स्वतःचीच भूमिका करणारी पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ येते; कानशिलावरचे केस पिकलेला, पंचेचाळिशी गाठलेला माणूस मात्र सहसा येत नाही. जन्मजात हृदयदोषांवरील शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविके सर्रास मिळू लागण्यापूर्वी अशी व्यक्ती त्या वयापर्यंत क्वचितच पोहोचत असे. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होते, ते आता साठीच्या घरात गेले आहे. साताऱ्यात, कराडमध्ये, सांगली-मिरजेत आणि आसपासच्या गावांतही १९७५ ते १९८५ या काळात जन्मलेली आणि घरात अजूनही ‘बाळ’ किंवा ‘ताई’ म्हणूनच ओळखली जाणारी ही पिढी आता त्या वयाला आली आहे, ज्या वयात त्यांच्या मेंदूवर स्मृतिभ्रंशाचे, म्हणजेच डिमेन्शियाचे, सावट येऊ लागते. घरच्यांना हे कोणी सांगितलेले नसते आणि बालरोगतज्ज्ञांचा हात सुटल्यावर सांगणारे कोणी उरलेलेही नसते.

या सावटाचे मूळ गुणसूत्रांत आहे. पेशीच्या केंद्रात आनुवंशिक माहिती वाहून नेणाऱ्या सूक्ष्म धाग्यांना गुणसूत्रे म्हणतात. त्यांच्या २३ जोड्या असतात. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, हे १९५९ साली फ्रान्समध्ये सिद्ध झाले. अ‍ॅमायलॉइड या चिकट प्रथिनाचे मूळ द्रव्य तयार करणारे जनुक याच एकविसाव्या गुणसूत्रावर असल्यामुळे या व्यक्तींच्या मेंदूत ते प्रथिन जन्मापासूनच अधिक प्रमाणात तयार होते आणि चाळिशीपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत अल्झायमर रोगात दिसतात तसे त्याचे साठे आढळतात. प्रत्यक्ष लक्षणे बहुधा पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे दिसू लागतात आणि दीर्घायुष्य लाभलेल्या दहापैकी नऊ जणांना तरी हा आजार गाठतो. दोष या एका जनुकाचाच आहे, याचा पुरावाही वैद्यकशास्त्राच्या हाती आहे : १९९८ साली इंग्लंडमधून ७८ वर्षांच्या एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध झाली, तिला डाऊन सिंड्रोम होता, पण तिच्या गुणसूत्रातील हा विशिष्ट भाग वाढीव नव्हता, आणि तिला अल्झायमर रोग झाला नाही.

अ‍ॅमायलॉइड केवळ चेतापेशींच्या भोवती साचते असे नाही, तर ते मेंदूतील लहान धमन्यांच्या भिंतींतही साचते, आणि रक्तपुरवठ्याचा प्रश्न येथूनच सुरू होतो. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असले तरी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटा वापरतो, आणि त्याच्याजवळ साठा असा जवळजवळ नसतोच. त्यामुळे बोलताना, मोजताना, चेहरा ओळखताना मेंदूचा जो भाग कामाला लागतो त्या भागातील रक्तवाहिन्या त्याच क्षणी रुंदावाव्या लागतात. कृष्णाकाठचा शेतकरी उसाला पाणी देताना ज्या वाफ्याची पाळी असेल त्याच वाफ्याचे दार मोडून देतो, तसे हे वाटप चालते. धमनीच्या भिंतीतील स्नायुपेशींची जागा अ‍ॅमायलॉइडने घेतली की ही भिंत ताठर आणि ठिसूळ होते, मागणी आली तरी वाहिनी पुरेशी रुंदावत नाही, आणि काही ठिकाणी तिच्यातून रक्ताचे सूक्ष्म थेंब झिरपतात. ज्यांना डिमेन्शिया झाला आहे अशांच्या मेंदूच्या चित्रणात कानशिलामागच्या आणि त्याच्या वरच्या भागांत रक्तप्रवाह आणि साखरेचा वापर हे दोन्ही मंदावलेले दिसतात. पूर्वी असे चित्रण करण्यासाठी किरणोत्सर्गी द्रव्य टोचावे लागे. आता एमआरआयच्या एका पद्धतीत मानेतून वर जाणाऱ्या रक्तातील पाण्यालाच चुंबकीय खूण करून ते मेंदूत कोठे किती पोहोचले हे मोजता येते. ही पद्धत अद्याप मुख्यतः संशोधनापुरती वापरली जाते आणि तिच्यासाठी कोणी मोठ्या शहरात धावपळ करण्याची गरज नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सातारा-सांगलीकडील सामान्य वृद्धांत मेंदूच्या रक्तपुरवठ्याचे बिघाड बहुधा उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू-मशेरीतून येतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांत मात्र रक्तदाब बहुधा कमीच असतो आणि धमन्यांत चरबीचे थर साचण्याचे प्रमाणही कमी असते. तरीही वयाबरोबर त्यांच्या मेंदूच्या आतील भागात रक्तपुरवठा अपुरा पडल्याच्या खुणा वाढत जातात, याचा अर्थ दोष बाहेरून आलेला नसून वाहिनीच्या भिंतीतच आहे. म्हणूनच ‘बीपी नॉर्मल आहे, काळजीचे कारण नाही’ हे वाक्य या रुग्णांच्या बाबतीत पुरेसे नाही. त्याचबरोबर, मेंदूचा रक्तपुरवठा वाढवतात म्हणून मेडिकल दुकानातून सहज मिळणाऱ्या गोळ्यांचा येथे उपयोग होत असल्याचे सिद्ध झालेले नाही. अशा गोळ्यांतील पिरासिटाम हे औषध डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना देऊन कॅनडात तपासले गेले, तेव्हा बुद्धीत फरक पडला नाही आणि काही मुलांत चिडचिड व अस्वस्थता तेवढी वाढली. महिन्याकाठी या गोळ्यांवर होणारा खर्च थायरॉईडच्या तपासणीवर केलेला बरा.

आजाराची सुरुवात सर्वसामान्य अल्झायमरसारखी विसराळूपणानेच होते असे नाही, आणि घरच्यांची फसगत होते ती येथेच. बौद्धिक दिव्यांगत्व मुळातच असल्यामुळे ‘तो पहिल्यापासूनच तसा आहे’ असे म्हणून नवा बदल जुन्याच खात्यावर टाकला जातो. घरचेच नव्हे, डॉक्टरही असे करतात. मेंदूचा पुढचा भाग लवकर बाधित होत असल्यामुळे आधी स्वभाव पालटतो. रोज सकाळी किटली घेऊन डेअरीवर दूध घालायला जाणारा, येता-जाता प्रत्येकाला नावाने हाक मारणारा माणूस उंबऱ्याशीच घुटमळू लागतो, आरतीच्या वेळी टाळ हातात घेत नाही, आंघोळीला चला म्हटले की हट्टाला पेटतो. फरशीचा रंग बदलतो तेथे त्याचा पाय अडतो, कारण खोलीचा अंदाज चुकू लागलेला असतो आणि काळी फरशी त्याला खड्ड्यासारखी वाटते. शर्टाची बटणे खालीवर लागतात, जिना उतरताना दोन्ही पाय एकेका पायरीवर टेकवले जातात. सकाळी उठल्यावर हाताला झटका बसून चहाची कपबशी उडाली, तर तो धांदरटपणा समजू नये. उतारवयात प्रथमच येणाऱ्या एका प्रकारच्या फिट्सची ती खूण असू शकते. अशा फिट्सवर आपल्याकडे नेहमी लिहून दिले जाणारे फेनिटॉइन या रुग्णांत बुद्धी आणि चालणे आणखी बिघडवू शकते, म्हणून ते चालू असल्यास स्वतःहून बंद न करता त्याला पर्याय काय, हे मेंदूविकारतज्ज्ञांना विचारावे.

असे बदल दिसले म्हणजे डिमेन्शियाच झाला, असेही नाही. त्याच्यासारखी दिसणारी आणि बरी होणारी अनेक कारणे या व्यक्तींत नेहमीपेक्षा जास्त आढळतात. थायरॉईड मंदावणे, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, अकाली मोतीबिंदू, अरुंद कानात घट्ट बसलेला मळ आणि त्यामुळे आलेला बहिरेपणा, आई किंवा वडील गेल्यानंतरचे नैराश्य, सर्दीसाठी वारंवार दिलेल्या क्लोरफेनिरामीनसारख्या गोळ्यांची गुंगी, यांपैकी एकेक कारण आधी तपासून बाजूला काढावे लागते. चालण्यात अडखळणे आणि कपड्यांत लघवी होणे ही दोन लक्षणे एकत्र दिसली तर मानेच्या वरच्या मणक्यांत सैलपणा येऊन मज्जारज्जू दाबला गेला आहे का, हे तातडीने पाहावे.

सर्वांत दुर्लक्षित कारण झोपेचे आहे. डाऊन सिंड्रोममध्ये घसा अरुंद, जीभ तुलनेने मोठी आणि स्नायू शिथिल असल्यामुळे झोपेत श्वासमार्ग पुन्हा पुन्हा मिटतो, रक्तातील प्राणवायू घसरतो, आणि आधीच ताठर झालेल्या वाहिन्यांना रात्रभर त्या तुटवड्याला तोंड द्यावे लागते. या विकाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. प्रौढांत तो इतका सर्रास आहे की घोरणे ऐकू आले नाही तरी त्याची शंका घ्यावी. घरच्यांनी एक रात्र जागून पाहावे : घोरता घोरता श्वास काही सेकंद थांबतो का, दचकून पुन्हा सुरू होतो का, आणि विशेषतः ती व्यक्ती मांडी घालून, पुढे वाकून, डोके अंथरुणावर टेकवून झोपते का. या झोपण्याला ‘लहानपणची सवय’ म्हणून घरात कौतुक होते. प्रत्यक्षात मिटणारा श्वासमार्ग उघडा ठेवण्याची ती शरीराची धडपड असू शकते. झोपेचा अभ्यास करून, हवेच्या दाबाचे यंत्र लावून, यंत्राचा मुखवटा आधी आठवडाभर दिवसा खेळण्यासारखा हाताळू देऊन हा विकार आटोक्यात आणता येतो.

हृदयाचेही तसेच. या व्यक्तींपैकी सुमारे निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो, आणि आज चाळिशीत असलेल्या पिढीत शस्त्रक्रिया न झालेले अनेक जण आहेत. ओठ-नखे निळसर असतील तर रक्त घट्ट होऊन मेंदूत गुठळी अडकण्याचा धोका असतो, आणि दातांतील जंतुसंसर्ग रक्तावाटे मेंदूपर्यंत जाण्याचाही. म्हणून इको तपासणी आणि दातांची निगा या दोन्ही गोष्टी मेंदूच्या आरोग्याच्याच समजाव्यात. तोंड एकाएकी वाकडे झाले, एका बाजूचा हात गळून पडला, बोलणे अचानक बंद झाले तर तो डिमेन्शिया नव्हे, पक्षाघात आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेव्हा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, वाट पाहत बसू नये.

औषधांबद्दल स्पष्ट बोललेले बरे. डोनेपेझिल या गोळीने काहींना मर्यादित लाभ होतो, परंतु ती नाडी मंद करते, म्हणून आधी ईसीजी काढून अल्प मात्रेने सुरुवात करावी लागते. मेमंटिनचा लाभ २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसला नाही. अ‍ॅमायलॉइड धुऊन काढणारी लेकॅनेमॅबसारखी जी नवी इंजेक्शने २०२३ पासून गाजत आहेत, त्यांच्या मुख्य चाचण्यांत डाऊन सिंड्रोम असलेल्यांना घेतलेले नव्हते. या व्यक्तींच्या वाहिन्यांतच अ‍ॅमायलॉइड असल्यामुळे अशा औषधाने मेंदूला सूज येण्याचा व रक्तस्राव होण्याचा धोका अधिक संभवतो. समाजमाध्यमांवरील बातमी वाचून ती मागू नयेत.

मग करायचे काय, तर पूर्वस्थितीची नोंद, आणि तिच्याइतके मोलाचे दुसरे साधन आज कोणत्याही रुग्णालयात नाही. या व्यक्तींची तुलना इतरांशी करता येत नाही, ती स्वतःच्याच कालच्या क्षमतेशी करावी लागते, आणि काल काय येत होते याची नोंद नसेल तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील किंवा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील अनुभवी डॉक्टरही अंदाजच बांधणार. पस्तिशीनंतर दरवर्षी ठरावीक दिवशी, दिवाळी किंवा वाढदिवस लक्षात ठेवायला सोपा, मोबाईलवर दहा मिनिटांचे चित्रण करावे : चहा करणे, बटणे लावणे, धुतलेले कपडे घडी घालणे, दहा-वीस-पन्नासच्या नोटा ओळखणे, घरातील माणसांची नावे सांगणे, दहा पावले चालून वळणे. सोबत वजन, झोप, औषधे आणि वर्षभरातील घटना वहीत लिहाव्यात. चाळिशीपासून ही वही आणि चित्रणे वार्षिक तपासणीत डॉक्टरांना दाखवावीत.

हे काम आईवडिलांनी एकट्याने करू नये, कारण बाळ पंचेचाळीसचे होते तेव्हा आई सत्तरी-ऐंशीची असते आणि भावंडे बहुधा पुण्या-मुंबईत असतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकाची नेमणूक करून घेता येते आणि त्याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आधी काढलेले असावे लागते. ज्या घरांत हे प्रमाणपत्र अजून काढलेले नाही त्यांनी आईवडील हिंडतेफिरते आहेत तोवर ते काढून घ्यावे, आणि पुढच्या काळजीची जबाबदारी कोण घेणार हे भावंडांनी एकत्र बसून लेखी ठरवावे.