दोन जिवांची आणि वजनाचा काटा

आपल्या पांढुर्णा-सौसर भागात सून अंगाने भरली की 'सासरी सुखात आहे' म्हणून तिचे कौतुक होते. परंतु दिवस गेल्यावर तीच सून दवाखान्यातील काट्यावर उभी राहिली की कौतुकाचे टोमणे होतात. चार जणींसमोर 'एवढे वजन कशाला वाढवलेस?' असे ऐकलेली स्त्री पुढच्या तपासणीस जायला कचरते. खरा धोका येथेच सुरू होतो.

प्रथम हिशेब समजून घेऊ. गरोदरपणापूर्वीचे किलोमधील वजन, मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उंची १.५० मीटर व वजन ६८ किलो असल्यास उत्तर सुमारे ३० येते. ही स्थूलता होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभरांतील २४ स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर अधिक आढळले, तर सुमारे १९ कृश आढळल्या. म्हणजे ही एकटी-दुकटीची गोष्ट नव्हे.

अशा स्त्रीला गरोदरपणात मधुमेह व रक्तदाब होण्याचा संभव अधिक असतो. तरीही पुष्कळ जणींचे बाळंतपण सुखरूप होते. मात्र तपासणी चुकता कामा नये. पाण्यातून ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा त्याहून अधिक भरल्यास उपचार हवा. ही तपासणी पहिल्या भेटीत व पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करावी. आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी: जाड दंडाला लहान पट्टा बांधल्यास रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. 'मोठा पट्टा आहे का?' असे विचारण्यात संकोच नसावा.

घरी सासूबाई मायेने म्हणतात, 'दोन जिवांची आहेस, दोघांचे जेव.' वास्तविक गरोदरपणी रोज सुमारे ३५० कॅलरी अधिक पुरतात. एखादी भाकरी व वाटीभर वरण एवढेच ते अन्न. उलट, बोलणी ऐकून उपाशी राहणेही घातक. या दिवसांत वजन उतरवायचे नसते, वाढ बेताची ठेवायची असते. डॉक्टरांनी मना केले नसेल तर रोज चालावे.

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. २०२३ साली पांढुर्णा व सौसर मिळून वेगळा जिल्हा झाला, तरी अवघड बाळंतपणासाठी नागपूर वा छिंदवाड्याची वाट धरावी लागते. म्हणून प्रसूती कोठे करायची, हे डॉक्टरांना विचारून आधीच ठरवावे.

वजन हा गुन्हा नव्हे. काट्यावरचा आकडा नर्सबाईंनी हळू आवाजात सांगावा, पतीने तपासणीस सोबत जावे, सासूबाईंनी धीर द्यावा. मानाने वागवलेली स्त्री पुन्हा तपासणीस येते. आणि ती आली, तरच आई व बाळ दोघांची काळजी वेळेवर घेता येते.