हिंसा आणि सौंदर्य : येट्स, हीनी आणि ढसाळ

बर्डीवर संध्याकाळी किल्ल्याची टेकडी फार सुंदर दिसते. कवी ग्रेस आपल्या नागपूरचे. त्यांच्या ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) वाचल्यापासून तर ती मला अधिकच आवडू लागली. परंतु याच टेकडीवर २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज यांच्यात लढाई होऊन शेकडो माणसे ठार वा जखमी झाली. जेथे रक्त सांडले तेथे सौंदर्य पाहावे काय? आधुनिक आयरिश कविता वाचताना हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा पडला.

१९१६ च्या ईस्टरमध्ये डब्लिनला उठाव झाला. इंग्रजांनी तो मोडून पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या. त्यावर येट्सने कविता लिहिली. मॅकब्राइड हा त्यांतला एक. येट्सचे जिच्यावर प्रेम होते त्या मॉड गॉनचा तो नवरा. येट्सला तो मुळीच आवडत नसे. तरीही कवितेच्या शेवटी मृतांची नावे घेताना त्याने हे नाव गाळले नाही. त्या मरणात त्याला सौंदर्य दिसले, आणि एवढे मरण खरोखर आवश्यक होते काय, अशी शंकाही त्याने लपवली नाही.

पुढे उत्तर आयर्लंड हिंसेने पेटलेले असताना शेमस हीनीचा ‘नॉर्थ’ (१९७५) हा संग्रह आला. दलदलीत शतकानुशतके टिकलेल्या प्रेतांवर त्यात कविता आहेत. वधलेल्या एका मुलीचे देखणे वर्णन करता करता हीनी स्वतःलाच आरोपी करतो : आपण केवळ पाहत राहिलो!

मराठीत हाच प्रश्न नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने उभा केला. कामाठीपुऱ्यातील हिंसा त्यांनी शोभिवंत शब्दांत गुंडाळली नाही. तेथल्याच बोलीत मांडली. पहिल्या वाचनात मला किळस आली व मी पुस्तक मिटले. दुसऱ्यांदा वाचताना स्वतःचीच लाज वाटली.

माझ्या अल्पमतीप्रमाणे कवीने हिंसेत सौंदर्य पाहण्यास हरकत नाही. अट एवढीच की, त्या सौंदर्याखाली मेलेला माणूस झाकला जाऊ नये. येट्सने नावे घेतली, हीनीने स्वतःला दोष दिला, ढसाळांनी सोसणाऱ्याची भाषा राखली. माझे काही चुकत असल्यास गुरुजनांनी व मित्रांनी अवश्य सांगावे.

टेकडीवर पडलेल्या एकाही शिपायाचे नाव मला ठाऊक नाही. तेथली संध्याकाळ मात्र मी रोज पाहतो.