घरकर्जावर सही करण्याआधी

मैत्रिणींनो, गटाच्या कर्जाचा हिशोब आपण बैठकीत तोंडपाठ सांगतो. घरकर्ज 15-20 वर्षांचं असतं आणि घरच तारण राहतं. म्हणून एजंटच्या शब्दावर जाऊ नका. दोन-तीन बँकांच्या शाखेत स्वतः जा आणि हे विचारा.

1. एकूण किती फेडायचे? 5 लाख कर्ज, 9 टक्के व्याज धरा. 20 वर्षांचा हप्ता साधारण 4,500 रुपये, एकूण फेड 10 लाख 80 हजार. 10 वर्षांचा हप्ता साधारण 6,330, एकूण 7 लाख 60 हजार. हप्ता लहान म्हणजे कर्ज स्वस्त नाही!

2. व्याजाशिवाय खर्च काय? प्रोसेसिंग फी, विमा सगळं 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये लिहिलेलं असतं. ते आपल्याला समजेल अशा भाषेत मागा. तसा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे.

3. माझं नाव कुठे? सहकर्जदार म्हणून सही केली की फेडायची जबाबदारी आपलीही. मग घराच्या कागदावरही आपलं नाव हवं. सहीपुरतं नाव नको.

कागद समजला नाही तर सही थांबवा. बैठकीत घेऊन या, मिळून वाचू.