तहान, मागणी आणि बाटली

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आपल्याला एक कोडे भेटते. ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ते मांडले. पाण्यावाचून माणूस जगू शकत नाही, तरी पाण्याला बाजारात किंमत फारशी नाही. हिऱ्यावाचून कोणाचेच अडत नाही, तरी हिरा मोलाचा. पुढे सीमांत उपयोगितेच्या सिद्धांताने हे कोडे उलगडले. पाणी मुबलक म्हणून त्याच्या शेवटच्या पेल्याची उपयोगिता कमी, हिरा दुर्मिळ म्हणून त्याची अधिक. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात. पण त्याच पाण्यात थोडी साखर, चिमूटभर मीठ, रंग व स्वाद मिसळून ते आकर्षक बाटलीत भरले, की त्याला मोल येते, हे आपण रोज मैदानाबाहेरच्या दुकानात पाहतो. हे मोल कोठून येते, याचा विचार वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने करावयास हवा. खेळाडूंसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयांची बाजारपेठ हे त्यासाठी चांगले उदाहरण आहे.

गरज आणि मागणी

गरज व मागणी यांतील भेद आपणांस ठाऊक आहे. इच्छा, पैसे देण्याची ऐपत व ते देण्याची तयारी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजेच मागणी निर्माण होते. तहान ही गरज आहे. अमुक नावाची निळी बाटली हवी, ही मागणी आहे. या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे काम विक्रयशास्त्र करते.

प्रथम गरज समजून घेऊ. व्यायाम करताना शरीर घामावाटे उष्णता बाहेर टाकते. घामाबरोबर पाणी जाते, तसेच सोडियम व थोड्या प्रमाणात पोटॅशियम हे क्षारही जातात. तास-दीड तासाहून अधिक काळ कडक श्रम झाले, तर स्नायूंतील साखरेचा साठाही उतरू लागतो. म्हणून लांब पल्ल्याचा धावपटू, सायकलपटू किंवा उन्हात दिवसभर खेळणारा क्रिकेटपटू यांना पाणी, मीठ व साखर तिन्ही मिळाल्यास लाभ होतो. लहान आतड्यात ग्लुकोज व सोडियम हे एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात व त्यांच्यामागोमाग पाणी ओढले जाते. या पेयांमागचे शास्त्र ते हेच. मात्र एक तासाच्या आतील साध्या व्यायामाला स्वच्छ पाणी पुरेसे होते. म्हणजे खरी गरज असणारा वर्ग लहान आहे. कारखाना चालतो तो मात्र मोठ्या वर्गाच्या मागणीवर.

एका पेयाचा इतिहास

१९६५ साली अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात फुटबॉल संघाचे एक सहायक प्रशिक्षक ड्वेन डग्लस यांनी मूत्रपिंडाच्या आजारांचे तज्ज्ञ डॉ. रॉबर्ट केड यांना एक साधा प्रश्न विचारला. खेळ चालू असताना खेळाडूंना लघवीला का होत नाही? उन्हात सारे पाणी घामावाटे निघून जाते, हे त्याचे उत्तर. डॉ. केड व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी, साखर व क्षार यांचे मिश्रण तयार केले. त्याची चव इतकी वाईट होती की डॉ. केड यांच्या पत्नीने त्यात लिंबाचा रस घालण्याची सूचना केली. संघाच्या ‘गेटर्स’ या नावावरून पेयाचे नाव ‘गेटोरेड’ पडले. २ जानेवारी १९६७ रोजी या संघाने ऑरेंज बाउलचा सामना जिंकला आणि पेयाची कीर्ती पसरली. त्याच वर्षी स्टोकली-व्हॅन कॅम्प या खाद्यपदार्थांच्या कंपनीने ते विकण्याचे हक्क घेतले. पुढे विद्यापीठाने दावा लावून स्वामित्वधनात आपला वाटा मिळविला. १९८३ मध्ये क्वेकर ओट्सने व २००१ मध्ये पेप्सिकोने हा धंदा आपल्याकडे घेतला. दरम्यान १९८० साली जपानच्या ओत्सुका कंपनीने ‘पोकारी स्वेट’ आणि १९८८ साली कोका-कोलाने ‘पॉवरेड’ बाजारात आणले.

याहून उद्बोधक उदाहरण इंग्लंडमधील ‘लुकोझेड’चे आहे. १९२७ साली न्यूकॅसल येथील एका औषध-विक्रेत्याने ते आजाऱ्यांसाठी बनविले. अनेक वर्षे ते रुग्णाच्या उशाशी ठेवण्याचे पेय होते. १९८० नंतरच्या काळात जाहिरातीचा रोख बदलण्यात आला. आजाऱ्याच्या जागी डॅली टॉम्सनसारखा ऑलिंपिक विजेता आला आणि तेच पेय धडधाकट माणसाचे झाले. ग्लुकोजचे पाणी मुळात तेच राहिले, पण ग्राहकाच्या मनातील त्याचे स्थान पालटले. आजारी माणसे थोडी व तीही थोडेच दिवस आजारी असतात. निरोगी माणसे पुष्कळ व ती रोजच निरोगी असतात. या हिशेबानेच हा बदल झाला, असे म्हणावे लागेल.

मागणी कशी वाढविली जाते?

आपल्याकडे तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला लोक हसतात. या धंद्यात विहीर आधी खणली जाते व तहान मागाहून लावली जाते. जे. के. गॅलब्रेथ यांनी १९५८ साली ‘द ॲफ्लुअंट सोसायटी’ या ग्रंथात म्हटले आहे की, उत्पादन ज्या गरजा भागविते त्या गरजा पुष्कळदा उत्पादनच निर्माण करते. खेळाडूंची पेये या विधानाला चपखल बसतात. तहान लागण्यापूर्वीच प्या, जास्तीत जास्त प्या, असा उपदेश धावपटूंना अनेक वर्षे केला गेला. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली व तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १३ टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीच्या दिशेने उतरलेले आढळले, आणि त्याचा निकटचा संबंध गरजेपेक्षा अधिक द्रव पिण्याशी होता.

मागणी वाढविण्याचा दुसरा मार्ग किंमतीचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने श्रीलंकेचे गोलंदाज मुथय्या मुरलीधरन यांच्या सहयोगाने ‘स्पिनर’ हे पेय आणले, तेव्हा १५० मिलिलिटरची बाटली १० रुपयांस ठेवली. येथे मागणीची लवचिकता उपयोगी पडते. समजा, एका कँटीनमध्ये २० रुपयांच्या ४० बाटल्या खपत होत्या; किंमत १० रुपये होताच १०० खपू लागल्या. एकूण व्यय ८०० वरून १,००० रुपयांवर गेला. एकूण व्यय पद्धतीनुसार ही मागणी अधिक लवचिक ठरते. विद्यार्थ्याच्या खिशात १० रुपये असतात, २० देताना मात्र हात अडखळतो, हे विक्रेत्याला ठाऊक असते.

परंतु ग्राहकाने दुसरे गणित मांडावे. १५० मिलिलिटरला १० रुपये म्हणजे लिटरला सुमारे ६७ रुपये झाले. आता घरचा हिशेब पाहू. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, ६० ग्रॅम साखर, पाव चहाचा चमचा मीठ आणि एक लिंबू. साखर किलोला ४५ रुपये धरली तर तिचे २ रुपये ७० पैसे, लिंबू ५ रुपयांचे धरू, मीठ नगण्य. एकूण ८ रुपयांच्या आत, बाजारी पेयाइतकीच साखर व तितकेच मीठ असलेले पेय तयार होते. उरलेले जवळजवळ ५९ रुपये बाटली, वाहतूक, कर, विक्रेत्यांचे कमिशन, जाहिरात व नफा यांचे. यांतील प्रत्येक खर्च व्यर्थ आहे असे नाही. सोयीलाही किंमत असते. पण आपण कशाचे पैसे देतो, हे माहीत असलेले बरे.

पर्यायी वस्तू

चेंबरलिन यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या मक्तेदारीयुक्त स्पर्धेत प्रत्येक विक्रेता आपली वस्तू इतरांहून निराळी आहे असे भासवितो. म्हणून पर्यायी वस्तू ओळखणे ही ग्राहकाची ताकद होय. आपल्या भागात ती उणी नाही. ताकाला कन्नडमध्ये मज्जिगे म्हणतात. मीठ घातलेले ताक पाणी व सोडियम दोन्ही देते. शहाळे म्हणजे एळनीरु. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम मात्र त्या मानाने कमी. तेव्हा घाम गाळलेल्या खेळाडूने त्याबरोबर काही खारट खाणे इष्ट. उन्हाळ्यात मराठी घरांत पन्हे होते, रामनवमीला कन्नड घरांत पानक होते. गोव्याकडून कोकम येते. यांना जाहिरात नाही, म्हणून ती मागास ठरत नाहीत.

सरकारचे करधोरणही येथे लक्षात घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साखर व स्वाद घातलेल्या पाण्यावर वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला, तर पॅकबंद शहाळ्याच्या पाण्यावरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. १० रुपयांची किंमत ठरून गेलेली असल्यास उत्पादक कर वाढला म्हणून ती सहसा वाढवीत नाही. माप कमी करतो. म्हणून किंमतीबरोबर मिलिलिटरही वाचावेत.

लेबल कोणत्या भाषेत?

आता सर्वांत गंभीर मुद्दा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले. त्यातूनच ओआरएस घरोघर पोचले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रात एका लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. हे औषध आहे. खेळाडूंच्या पेयात साखर लिटरला सुमारे ६० ग्रॅम व सोडियम पुष्कळ कमी. जुलाब झालेल्या बालकाला ते पाजल्यास अधिक साखरेमुळे जुलाब वाढू शकतात.

असे असूनही नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे घातलेली गोड पेये औषधांच्या दुकानांतून विकली जात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे झगडा दिला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात ही अक्षरे वापरण्यास मनाई केली.

मनाई झाली, तरी प्रश्न संपलेला नाही. कायद्यानुसार लेबलवरील तपशील इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असला की पुरे. पुष्कळ बाटल्यांवर तो बारीक इंग्रजी अक्षरांतच असतो. जाहिरात मात्र कन्नडमध्येही येते, मराठीतही येते. म्हणजे विकत घ्या हे सांगताना आपली भाषा आणि आत काय आहे हे सांगताना परकी भाषा, असा व्यवहार चालतो. केवळ कन्नड किंवा केवळ मराठी वाचणारी आई आजारी लेकरासाठी बाटली घेते, तेव्हा तिच्या हाती चित्र व नाव एवढेच असते. पूर्ण स्पर्धेच्या सिद्धांतात ग्राहकाला बाजाराचे पूर्ण ज्ञान असते, असे आपण गृहीत धरतो. या आईच्या बाबतीत ते गृहीत कोलमडते.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, खरेदीपूर्वी तीन आकडे पाहावेत: माप, साखर व सोडियम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार दिवसाची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास राहावी. अशा पेयाच्या अर्ध्या लिटरमध्ये ३० ग्रॅम असते. दुसरी, ‘एनर्जी’ पेय व खेळाडूंचे पेय एक नव्हे. पहिल्यात कॅफीन असते, लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत चालते, व ते मुलांसाठी नाही अशी सूचना त्यावरच छापलेली असते. तिसरी गोष्ट आपल्या हातची आहे. जिमखान्याच्या खोलीत सरावाच्या दिवशी लिंबू, मीठ व साखरेचे पाणी ठेवण्यास खर्च अल्प येतो. आणि आपल्या मासिकाचे मराठी व कन्नड विभाग मिळून एक तक्ता तयार करू शकतात. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे घरगुती जलसंजीवनीचे प्रमाण दोन्ही भाषांत मोठ्या अक्षरांत लिहून राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातील गावी लावावे.

मागणीचा नियम आपण पुस्तकातून शिकतो. तो नियम ज्यांच्यावर चालतो ती माणसे आपल्याच घरातील आहेत. त्यांना बाटलीवरचे आकडे वाचून दाखविणे, हे वाणिज्य शिकलेल्याचे पहिले काम होय.