‘क’ तुकडीची वही

पनवेलच्या एका अनुदानित शाळेत माझा मुलगा आठवीला ‘क’ तुकडीत गेला. सातवीच्या एकूण गुणांवरून तुकड्या पाडल्या होत्या. गणितात तो चांगला होता, पण इंग्रजी-हिंदीने बेरीज खाली ओढली. हुशार मुलं भरभर पुढे जातील, मागच्यांना सावकाश शिकवता येईल, असं पालकसभेत सांगण्यात आलं. तेव्हा ते कुणालाही पटण्यासारखंच होतं.

सहामाहीनंतर शेजारच्या, ‘अ’ तुकडीतल्या मुलीची गणिताची वही घरी आली. दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघितल्या. पुस्तक तेच, बालभारतीचं. तिच्या वहीत सरावसंचातलं प्रत्येक उदाहरण सोडवलेलं, वर शिष्यवृत्तीची जादा गणितं. याच्या वहीत दर सरावसंचातली पहिली दोन-तीन उदाहरणं आणि शाब्दिक उदाहरणं सरसकट गाळलेली. चौकशी केली तर अनुभवी शिक्षक ‘अ’ला, आणि ‘क’ला तासिका तत्त्वावरचे, तेही मध्येच बदललेले. वार्षिक पेपर मात्र दोघांना एकच, आणि पुढची तुकडी त्यावरच ठरणार! जे शिकवलंच नाही, त्याच्या जोरावर मुलाने वर यायचं कसं?

त्याच्या वर्गात जवळच्या नव्या विमानतळासाठी उठलेल्या गावांतली, भर वर्षात शाळा बदललेली मुलं होती. त्यांचा अभ्यास बुडाला होता, एवढंच. तरी ‘आम्ही ढ तुकडीतले’ असं ती सहज बोलून जात. त्याचा मला आजही संताप येतो.

गट पाडूच नयेत, असं मात्र मी म्हणणार नाही. मुंबईच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेने बालसखी उपक्रम चालवला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली 15-20 मुलं रोज साधारण दोन तास बालसखीकडे, म्हणजे वस्तीतल्याच तरुण शिक्षिकेकडे, वाचन-गणिताचा पाया पक्का करत आणि उरलेला वेळ आपल्याच वर्गात बसत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदींनी 2001 ते 2003 या काळात हा उपक्रम तपासला, तेव्हा गुण खरोखर वाढलेले दिसले. तिथे गट होता तो कच्च्या राहिलेल्या विषयापुरता आणि काही तासांपुरता. आमच्याकडे सगळ्या विषयांना आणि वर्षभरासाठी एकच शिक्का.

म्हणून जूनमधल्या पहिल्याच सभेत विचारून घ्या : तुकडी एकूण गुणांवर पाडता की विषयवार? मधल्या चाचणीनंतर मूल वर जाऊ शकतं का, आणि गेल्या वर्षी किती गेली? ‘क’ला गणित कोण शिकवतं? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचंच उत्तर टाळलं जातं. अनुदानित शाळेत पहिली ते आठवीसाठी शाळा व्यवस्थापन समिती असते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. विषय तिथे लेखी मांडा.

मुख्याध्यापकांकडे गुणपत्रिका नेऊ नका, वह्या न्या. गुणांवर वाद घालता येतो, कोऱ्या पानांवर नाही. आम्ही दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्यावर दुसऱ्या सत्रात ‘क’लाही शाब्दिक उदाहरणं सुरू झाली, शिक्षक मात्र बदलले नाहीत. आणि वह्या पहिल्या घटक चाचणीनंतर लगेच ताडून बघा. सहामाहीपर्यंत थांबलात, तर निम्मा अभ्यासक्रम तोवर हातचा गेलेला असतो.