एका पट्टीत एवढे रंग येतात कुठून?

(देवळा, जि. नाशिक येथील एका वाचकाने एकाच पत्रातून बरेच प्रश्न विचारले आहेत. विषय सध्या घरोघरी पोहोचलेला असल्यामुळे या वेळचं सगळं सदर त्याच पत्राला दिलं आहे.)

प्रश्न : दिवाळीला हॉलच्या पीओपीत रंग बदलणारी स्मार्ट एलईडी पट्टी बसवली. पाच-पाच मीटरच्या दोन पट्ट्या जोडून दहा मीटर केली. खोक्यावर 'सोळा मिलियन कलर्स' छापलंय. एवढ्याशा दिव्यात इतके रंग मावतात कसे?

उत्तर : मावत नाहीत. त्या दिव्यात रंग तीनच आहेत, बाकीचे तुमच्या डोळ्यात तयार होतात. खात्री करून घ्यायची तर मोबाइलवरून पट्टीला पिवळा रंग द्या, उजेड अगदी मंद करा आणि एखादा दिवा भिंगातून पाहा. ती चौकोनी डबी पाच मिलिमीटर लांब आणि तेवढीच रुंद असते, म्हणून दुकानदार तिला 5050 म्हणतात. तिच्या आत तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन बारीक ठिपके दिसतील. पट्टी पिवळी असताना त्यातला तांबडा आणि हिरवा पेटलेला असेल, निळा विझलेला. पिवळा ठिपका कुठेच सापडणार नाही.

घरात जुनी गाण्यांची सीडी पडलेली असेल तर तिच्या चकचकीत बाजूवर या पिवळ्या उजेडाचं प्रतिबिंब पाडा. उजेड फुटून तांबडा आणि हिरवा वेगळे होतील आणि त्यांच्यामधली पिवळ्याची जागा जवळजवळ रिकामी राहील.

मग आपल्याला पिवळा दिसतो तो कसा? डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. खरा पिवळा उजेड आला की त्यांतल्या दोन प्रकारच्या पेशी ठरावीक प्रमाणात उद्दीपित होतात. तांबडा आणि हिरवा योग्य प्रमाणात एकत्र आला तरी त्याच पेशी त्याच प्रमाणात उद्दीपित होतात. मेंदूला दोन्हींत फरक कळत नाही. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने 1861 साली लंडनमध्ये तीन रंगांच्या गाळण्यांतून काढलेली एका फितीची छायाचित्रं पडद्यावर एकावर एक पाडून हे लोकांना दाखवलं होतं. तुमचा टीव्ही आणि मोबाइलचा पडदाही याच तत्त्वावर चालतो.

आता खोक्यावरचा आकडा. प्रत्येक रंगाचा उजेड शून्यापासून 255 पर्यंत, म्हणजे 256 पायऱ्यांनी कमी-जास्त करता येतो. 256 ला 256 ने दोनदा गुणलं की 1,67,77,216 येतात. हा आकडा पायऱ्यांच्या जोड्यांचा आहे. त्यातल्या शेजारशेजारच्या जोड्यांमधला फरक डोळ्याला कळतही नाही.

या तिघांत निळ्याने फार वाट पाहायला लावली. डोळ्यांना दिसणारा तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनी 1962 मध्ये बनवला. हिरवाही मागोमाग आला. उजेड पडेल असा प्रखर निळा मात्र जपानच्या शुजी नाकामुरा यांना 1993 मध्ये साधला. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि नाकामुरा यांना या कामासाठी 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा नसता तर ही पट्टी बनली नसती आणि घरातला साधा पांढरा एलईडी बल्बही नसता. कारण त्या बल्बच्या आत निळाच एलईडी असतो आणि त्यावरचा पिवळट लेप त्याचा उजेड पांढरा करतो.

प्रश्न : पांढरा रंग लावला की पट्टीची सुरुवात पांढरी दिसते, पण शेवटचे दोन-तीन मीटर तांबूस होतात. पट्टी खराब निघाली का?

उत्तर : पट्टी ठीक आहे, जोडणी चुकली आहे. ठिबकची नळी प्रमाणाबाहेर लांब टाकली की शेवटच्या झाडाला पाणी कमी पडतं, तसंच हे आहे. पट्टीतला तांब्याचा पत्रा फार पातळ असतो. दहा मीटर जाईपर्यंत विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, उतरत जातो.

पण मग सगळेच रंग सारखे मंद का होत नाहीत? 12 व्होल्टच्या पट्टीत एका रंगाचे तीन-तीन दिवे एकापुढे एक जोडलेले असतात. निळ्याला पेटायला सुमारे 3.2 व्होल्ट लागतात, म्हणजे तिघांना 9.6. तांबड्याला सुमारे 2, म्हणजे तिघांना 6. उरलेला दाब सोबतच्या रोधकावर (रेझिस्टरवर) पडतो आणि त्यावरून प्रवाह ठरतो. सुरुवातीला 12 व्होल्ट असताना निळ्याकडे 2.4 शिल्लक असतात, तांबड्याकडे 6. शेवटी 10 व्होल्टच पोहोचले, तर निळ्याकडे जेमतेम 0.4 उरतात, तांबड्याकडे 4. ढोबळ हिशेबाने निळ्याचा प्रवाह सहाव्या हिश्श्यावर येतो आणि तांबड्याचा दोन तृतीयांश टिकतो. हिरव्याची गत निळ्यासारखीच. म्हणून शेपटाकडे तांबडा वरचढ होतो.

उपाय सोपा आहे. रंग बदलणाऱ्या डबीकडून, म्हणजे कंट्रोलरकडून, जाड वायरी काढून पट्टीच्या दुसऱ्या टोकालाही वीज द्या. नवीन घेणार असाल तर लांब पट्टीसाठी 24 व्होल्टची घ्या.

यासोबत आणखी एक गोष्ट तपासा. मीटरला 60 दिवे असलेली 5050 पट्टी पूर्ण पांढऱ्यावर मीटरला सुमारे 14.4 वॉट घेते. दहा मीटरला 144 वॉट, म्हणजे 12 व्होल्टवर 12 अँपिअर झाले. खोक्यातला अडॅप्टर पाच मीटरच्या हिशेबाने दिलेला असतो. त्यावर दुप्पट पट्टी लादली की तो तापतो. त्यावरचा अँपिअरचा आकडा आजच वाचा. कंट्रोलरही तेवढा भार सोसणारा हवा. पट्टी गुंडाळीवर असताना पेटती ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. कापायची झाली तर जिथे कात्रीची खूण आहे तिथेच कापा. वर सांगितलेल्या तीन-तीनच्या जोडणीमुळे ती खूण तीन दिव्यांनंतरच येते.

प्रश्न : याच पट्टीच्या पांढऱ्या उजेडात साडीचा रंग वेगळा दिसतो आणि डाळिंबाचे दाणे जास्तच लाल. असं का?

उत्तर : पदार्थ स्वतःच्या अंगावर पडलेल्या उजेडातलाच काही भाग परत पाठवतो. सूर्याच्या उजेडात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग सगळं असतं. पट्टीच्या पांढऱ्यात मात्र तीन अरुंद पट्टे आणि मध्ये खिंडारं. हळदी किंवा नारिंगी साडीला जो उजेड परत पाठवायचा, तो मुळात आलाच नाही तर ती बिचारी काय पाठवणार? डाळिंबाच्या दाण्यांना उलट हवा तो तांबडा भरपूर मिळतो, म्हणून ते भडक दिसतात. नुसता दिवा पाहताना डोळा फसतो, पण त्या दिव्याखाली वस्तू ठेवली की फसवणूक उघडी पडते.

तुमच्याकडच्या उमराण्याच्या बाजारात कांद्याची पत्ती आणि रंग पाहून बोली लागते. तो कांदा घरी या पट्टीच्या उजेडात निवडू नका. स्वयंपाकघर, आरसा, मुलांचा अभ्यास, माल निवडणं, यासाठी साधा पांढरा बल्ब किंवा ट्यूबच बरी. पट्टीच हवी असेल तर तीन रंगांच्या जोडीला वेगळा पांढरा दिवा असलेली मिळते. दुकानात 'आरजीबीडब्ल्यू' म्हणून मागा.

प्रश्न : मोबाइलने व्हिडिओ काढला की भिंतीवर काळे पट्टे सरकताना दिसतात. डोळ्यांना तर काही दिसत नाही.

उत्तर : उजेड मंद करायचा म्हणजे कंट्रोलर वीज कमी सोडत नाही. तो दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. चालू राहण्याचा वेळ निम्मा केला की उजेड निम्मा वाटतो. डोळा एवढी घाईची उघडझाप पकडू शकत नाही, तो सरासरी काढतो. मोबाइलचा कॅमेरा मात्र चित्र एका ओळीमागून एक असं टिपतो. काही ओळी दिवा चालू असताना टिपल्या जातात, काही बंद असताना. तेच ते पट्टे. व्हिडिओ काढताना पट्टी पूर्ण उजेडावर ठेवा, पट्टे बहुतेक जातील.

प्रश्न : रात्री लाइट जाऊन परत आली की पट्टी आपोआप पेटते. आणि शेतीपंप चालू झाले की घरातला जुना पिवळा बल्ब मंद होतो, ही पट्टी होत नाही. हे कसं?

उत्तर : वीज गेली की कंट्रोलरही झोपतो. परत आली की काय करायचं, हे त्याच्यात आधीच ठरवून ठेवलेलं असतं. बऱ्याच कंट्रोलरमध्ये मुळातला हुकूम 'पेट' असाच असतो. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये वीज आल्यानंतरची स्थिती निवडायची सोय शोधा आणि तिथे 'बंद' किंवा 'आधी होती तशी' निवडा. सोय नसेल तर झोपताना भिंतीवरचं बटण बंद करा. लाइट आल्यावर राउटर सुरू व्हायला वेळ लागतो, तोवर मोबाइल काम करणार नाही. इन्फ्रारेडचा छोटा रिमोट असेल तर तो लगेच चालतो, म्हणून फेकू नका.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अडॅप्टरमध्ये आहे. त्यावर 100 ते 240 व्होल्ट असं लिहिलेलं असेल. दाब या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेही असला तरी तो पट्टीला 12 व्होल्टच देतो. जुन्या बल्बला मात्र येईल तो दाब निमूट सोसावा लागतो. पण विजेच्या कडकडाटापुढे अडॅप्टरचाही इलाज चालत नाही. वळवाच्या पावसात प्लग काढून ठेवलेला चांगला.

प्रश्न : बिल किती वाढेल?

उत्तर : पाच मीटरची 72 वॉटची पट्टी रोज पाच तास पूर्ण पांढऱ्यावर जळाली तर महिन्याला 10.8 युनिट होतात. नुसता तांबडा किंवा नुसता निळा ठेवला तर साधारण एक तृतीयांश, म्हणजे 3.6. अ‍ॅपवरून बंद केलेली पट्टीही तुमच्या हुकुमाची वाट पाहत थोडी वीज खात राहते. ती एक वॉट धरली तरी महिन्याला पाऊण युनिटाच्या आत. तुमच्याकडे दहा मीटर आहे, तेव्हा पट्टीच्या खर्चाचे आकडे दुप्पट धरा.

प्रश्न : दिव्याचं अ‍ॅप मोबाइलचं 'लोकेशन' का मागतं? आणि पट्टी वाय-फायला काही केल्या जोडली जात नाही.

उत्तर : लोकेशनचा संशय येणं रास्त आहे, पण कारण तांत्रिक आहे. जवळपासची ब्लूटूथ उपकरणं आणि वाय-फायची नावं पाहिली की फोन कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो. म्हणून अँड्रॉइडच्या 6 ते 11 या आवृत्त्यांत अ‍ॅपला अशी उपकरणं शोधण्यासाठी लोकेशनची परवानगी घ्यावीच लागते. नंतरच्या आवृत्त्यांत जवळच्या उपकरणांसाठी वेगळी परवानगी आली. 'अ‍ॅप वापरात असतानाच' एवढीच परवानगी द्या. दिव्याचं अ‍ॅप तुमचे फोन नंबर किंवा संदेश मागत असेल तर साफ नकार द्या.

जोडणीचं म्हणाल तर अशी बहुतेक उपकरणं फक्त 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात. तुमचा राउटर 5 गिगाहर्ट्झही देत असेल तर जोडणी करताना तो पट्टा तेवढ्यापुरता बंद करा. 2.4 ची लहर भिंतींतून जास्त चांगली जाते, त्यामुळे आतल्या खोलीतल्या दिव्याला तीच सोयीची.

प्रश्न : मुलांना झोपताना निळा रंग आवडतो. आणि ओट्यावर पट्टी लावली तर पावसाळ्यात पाखरं फार येतात. कोणता रंग ठेवावा?

उत्तर : दोन्हीकडे निळा टाळा. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. त्या चित्र पाहत नाहीत, दिवस आहे की रात्र एवढंच शरीराला सांगतात. त्यांना निळसर उजेड सर्वांत जास्त जाणवतो. रात्री निळा पेटता राहिला की झोपेचं मेलाटोनिन हे संप्रेरक मागे रेटलं जातं. मुलांना अंधाराची भीती वाटत असेल तर तांबडा किंवा नारिंगी, तोही झिरोच्या बल्बइतका मंद ठेवा आणि तासाभराने बंद होईल असा टायमर लावा.

पाखरांनाही निळा आणि अतिनील उजेड अधिक खेचतो. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे पकडायला शेतकरी प्रकाश सापळा लावतात, तो याच ओढीच्या भरवशावर. ओट्यावर नारिंगी ठेवलात तर पाखरं कमी येतील, अगदी थांबणार नाहीत. बाहेरची पट्टी पाण्यापासून संरक्षण असलेली, निदान आयपी 65 खुणेची घ्या आणि अडॅप्टर आत कोरड्या जागी ठेवा. चुन्याच्या किंवा पावडर सुटणाऱ्या भिंतीवर मागचा गोंद टिकत नाही. ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने बसवून तिच्यात दिवे चिकटवा, म्हणजे उष्णताही निघून जाईल.

थोडक्यात, ही पट्टी सणासुदीच्या रोषणाईसाठी आणि खोलीची शोभा वाढवण्यासाठी चांगली आहे, काम करायच्या उजेडासाठी नाही. विकत घेताना रंगांच्या संख्येला भुलू नका. पट्टी किती व्होल्टची, मीटरला किती वॉटची आणि अडॅप्टर किती अँपिअरचा, हे तीन आकडे दुकानदाराला विचारा. ते तो सांगू शकला नाही तर दुसऱ्या दुकानात जा.